रंगकामाआधी परांचीचा हिशेब



आपल्या मंडळातली बहुतेक कुटुंबे आता जुन्या वाड्यांतून निघून पंधरा-वीस वर्षांच्या बहुमजली इमारतींत राहतात. या इमारतींना आता रंग हवा आहे, गिलाव्याला डागडुजी हवी आहे. गेल्या वर्षभरात तीन-चार सभासदांनी मला विचारले, "तुमच्या सोसायटीचे काम झाले ना? ठेकेदार कसा होता?" ठेकेदाराबद्दल मी फार सांगत नाही. परांचीबद्दल मात्र सांगतो, आणि आज ते सविस्तर लिहावे म्हणतो.

आधीच सांगतो, मी अभियंता नाही. बी.कॉम. झालो आणि सारी नोकरी बँकेत काढली. परांचीबद्दल जे शिकलो ते निवृत्तीनंतर, सोसायटीचा सचिव असताना शिकलो, आणि एका चुकीनंतर शिकलो.

काय घडले

आमची इमारत पाच मजली, वीस सदनिकांची. रंगकाम आणि गिलाव्याची दुरुस्ती यांसाठी तीन ठेकेदारांची अंदाजपत्रके आली. त्यांपैकी एकात वेगळी ओळ होती: "परांचीचा आराखडा, भिंतीला बांधणी व तपासणी, ४२ हजार रुपये." बाकी दोघांनी नुसते "परांचीसह" असे लिहिले होते. बँकेत असताना अनावश्यक खर्चावर लाल रेघ मारायची सवय होती. मी त्या ४२ हजारांवर रेघ मारली. सभेत सर्वांनी टाळ्या वाजवल्या. काम सर्वांत स्वस्त ठेकेदाराला दिले.

काम सुरू झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तक्रार केली की घासकामाची धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर येते. तक्रार रास्त होती. मीच ठेकेदाराला सांगून परांचीवर ताडपत्री लावून घेतली.

मे महिन्यातली दुपार होती. इंदूरच्या मे महिन्यातली आंधी आपल्याला ठाऊक आहे. आभाळ पिवळे होते, पाच मिनिटे सारे स्तब्ध असते आणि मग एकदम वारा सुटतो. ताडपत्री शिडासारखी फुगली आणि परांचीचा कोपरा भिंतीपासून सुटून बाहेर झुकला. वर झाबुआकडचा एक तरुण रंगारी होता. त्याने शेजारच्या बाल्कनीत उडी मारली, म्हणून वाचला. पण टाचेचे हाड मोडले आणि पुढचे चार महिने त्याला काम करता आले नाही. त्याचे नाव मला त्या दिवशी रुग्णालयात अर्ज भरताना पहिल्यांदा कळले.

ठेकेदाराची विमा पॉलिसी दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. कर्ज देताना विम्याची तारीख न बघता मी कधी एक रुपया दिला नसता. इथे मात्र पाहिली नाही.

परांची म्हणजे इमारतच

दुसऱ्या दिवशी आपल्या मंडळातले, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ अभियंता मुद्दाम येऊन सारे पाहून गेले. ते म्हणाले, "अहो, तुम्ही परांचीला सामान समजलात. ती इमारत असते. आठ दिवस उभी राहो नाहीतर आठ महिने, वजन तेच, वारा तोच आणि माणसेही तीच."

हे वाक्य माझ्या मनात बसले. बँकेतही "तात्पुरती" वाढवून दिलेली मर्यादाच पुढे बुडीत जायची, कारण तिची कागदपत्रे कोणी नीट करत नसे. परांचीला (इकडचे मिस्त्री तिला पाड म्हणतात) आपण तशीच वागणूक देतो. पक्क्या इमारतीच्या खांबा-तुळयांचा हिशेब होतो, नकाशा मंजूर होतो. तिला टेकून उभ्या असलेल्या पाइपांचा हिशेब मिस्त्रीच्या अंदाजावर सोडला जातो.

स्लॅबखालच्या सेंटरिंगचेही तेच. पुण्यात २९ जुलै २०१६ रोजी बालेवाडीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्याचा स्लॅब कोसळून नऊ मजूर गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्यात स्लॅबसाठी बांधलेली सळयांची जाळी पडून पाच मजूर गेले. दोन्ही ठिकाणी पक्के बांधकाम अजून व्हायचे होते. काम अर्धवट असताना सारा भार तात्पुरत्या आधारांवर असतो आणि माणसे नेमकी त्याच वेळी वर असतात.

परांचीच्या आराखड्यात चुका कुठे होतात, हे त्या अभियंत्यांनी मला पाच मुद्द्यांत समजावले. तेच माझ्या भाषेत मांडतो.

१. वजन किती, हे आधी ठरवा

परांची "मजबूत" हवी, असे म्हणून भागत नाही. किती वजनासाठी मजबूत, ते सांगावे लागते. युरोपात वापरली जाणारी विभागणी सोपी आहे. रंगकामासारख्या हलक्या कामाला दर चौरस मीटरला १५० किलो, गिलाव्यासारख्या सर्वसाधारण कामाला २०० किलो आणि विटा-दगडांच्या जड कामाला ३०० किलो.

आता आपला हिशेब करू. दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद फळ्यांचा एक खण घ्या. रंगकामाच्या हिशेबाने त्यावर ३०० किलो चालतील. दोन माणसे चढली की सव्वाशे-दीडशे किलो झाले. एक सिमेंटची गोणी ५० किलो. दोन भरलेली घमेली आणि पाण्याची बादली ठेवली की तीनशेच्या जवळ आलोच. कोणी म्हणाले की वरची मोडकी भिंतही सांधून घेऊ आणि पन्नास विटा चढवल्या, तर विटेला तीन किलो धरून आणखी दीडशे किलो वाढले. म्हणजे दीडपट भार. रंगासाठी बांधलेली परांची गिलाव्याला आणि गिलाव्यासाठी बांधलेली विटकामाला चालते, हा समज चूक आहे. काम बदलले की हिशेब बदलतो.

अमेरिकेच्या नियमांत तर परांचीने स्वतःचे वजन आणि शिवाय अपेक्षित भाराच्या चौपट भार पेलला पाहिजे, अशी अट आहे. हे चौपट कोणी जास्त सामान चढवावे म्हणून नाही. गंजलेला पाइप, सैल क्लॅम्प, एकाच कोपऱ्यात जमलेली माणसे अशा न दिसणाऱ्या उणिवांसाठी ती शिल्लक असते.

२. पाया: आपली काळी माती

माळव्याची काळी माती गव्हाला उत्तम आणि परांचीला वैरी. पाणी मिळाले की फुगते, वाळली की भेगाळते आणि ओली असताना दबते. परांचीचा पाइप सुमारे ४८ मिलिमीटर जाडीचा असतो. एका पायावर दीड टन भार आला आणि पाइपाचे टोक नुसते मातीवर टेकलेले असले, तर दर चौरस सेंटिमीटरला ८० किलोंच्या आसपास दाब येतो. बायकांच्या टोकदार टाचेची चप्पल ओल्या अंगणात रुतते, तसाच हा प्रकार.

त्याच पाइपाखाली १५ सेंटिमीटरची चौकोनी लोखंडी पट्टी ठेवली तर दाब सातच्या खाली येतो. त्या पट्टीखाली वीतभर रुंद आणि मीटरभर लांब जाड फळी ठेवली तर तो एक किलोच्याही खाली उतरतो. एका फळीने इतका फरक पडतो.

पाइपाखाली विटांचे तुकडे रचलेले दिसले तर काम थांबवा. वीट फुटली की एक पाय लोंबकळतो आणि त्याचा भार शेजारच्या पायांवर जातो. गटाराचे झाकण, पाण्याच्या टाकीचा स्लॅब किंवा ताजी भरलेली नाली यांवर पाय टेकवताना खाली काय आहे, हे आधी विचारा. ठेकेदाराला ते माहीत नसते. आपल्याला, म्हणजे इमारतीतल्या जुन्या माणसांना, माहीत असते.

३. आडवे आणि तिरके पाइप

पातळ छडी दोन्ही टोकांनी दाबली तर मोडण्याआधी ती मधे वाकते. छडी जितकी लांब, तितकी लवकर वाकते. परांचीचा उभा पाइप असाच आहे. आडवे पाइप त्याला ठरावीक अंतरावर धरून ठेवतात, म्हणून तो सरळ राहतो. मधला एक आडवा पाइप काढला की उभ्या पाइपाची मोकळी लांबी दुप्पट होते आणि वाकण्याविरुद्धची त्याची ताकद निम्मी न होता साधारण एकचतुर्थांश उरते.

हे मला आधी पटले नव्हते. "एक पाइप काढला तर काय झाले, बाकी पन्नास आहेत," असे वाटते. खिडकीशी नीट उभे राहता यावे म्हणून किंवा स्कूटर आत काढता यावी म्हणून कोणीतरी तो एक पाइप सोडतो. आमच्याकडे फाटकाजवळचा पाइप असाच काढला होता. कोणी काढला, ते आजतागायत कळले नाही.

तिरके पाइप तर दिसायला निरुपयोगीच वाटतात. त्यांच्यावर ना फळी, ना माणूस. पण चौकट बाजूला कलू नये, याचे काम तेच करतात. चौकोनी खाटेच्या सैल पायांना तिरकी पट्टी मारली की ती हलायची थांबते, तसेच.

४. भिंतीला बांधणी

माझी लाल रेघ नेमकी इथे पडली होती. उंच आणि अरुंद वस्तू स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही. उंची रुंदीच्या चौपटीहून जास्त झाली की परांची इमारतीला बांधलीच पाहिजे, असा अमेरिकेचा नियम आहे. आमची परांची मीटरभर रुंद आणि पंधरा मीटर उंच होती. ती इमारतीला सहा ठिकाणी बांधली होती, तीही खिडक्यांच्या गजांना तारेने.

बांधायचे कशाला, हा प्रश्न कितीदा बांधायचे याहून मोठा. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात विलो आयलंड येथे २७ एप्रिल १९७८ रोजी वीजकेंद्राच्या मनोऱ्याचे बांधकाम चालू होते. परांची मनोऱ्याच्या काँक्रीटलाच बोल्टने जोडलेली होती. आदल्या दिवशी ओतलेले काँक्रीट थंडीमुळे पुरेसे घट्ट झालेले नव्हते. ते सुटले आणि त्याबरोबर सारी परांची खाली आली. ५१ कामगार गेले. पुढे २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या फेंगचेंग येथे अशाच मनोऱ्यावर कच्च्या काँक्रीटमुळे कामाचा फलाट कोसळला आणि सत्तरहून अधिक माणसे गेली. ३८ वर्षांनी तोच प्रकार.

आपल्याकडे काँक्रीट कच्चे नसते, पण भिंती जुन्या असतात. आपला राजवाडा आठवा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले. अलीकडच्या जीर्णोद्धारात तो पाइपांच्या जाळ्यामागे झाकलेला आपण सर्वांनी पाहिला. अशा वास्तूला परांची बांधायची तर दगडात भोक पाडणे नको आणि जुन्या लाकडाचा भरवसा नाही. तेव्हा खाली रुंद बैठक द्यावी लागते, वजन ठेवावे लागते किंवा खिडकीच्या पोकळीतून आतल्या बाजूने आडवा पाइप लावून पकड घ्यावी लागते. हे सारे आधी कागदावर ठरते, चढल्यावर सुचत नाही. ज्या सभासदांची जुनी घरे अजून उभी आहेत त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. मातीत रचलेली वीट, सुटलेला गिलावा, सज्जाचा कठडा, खिडकीचे गज किंवा पाण्याचा नळ हे बांधणीचे आधार नव्हेत.

५. वारा आणि कापड

आता आमच्या ताडपत्रीचा हिशेब. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे २४ किलो असतो. आमची ताडपत्री सहा मीटर रुंद आणि दहा मीटर उंच, म्हणजे ६० चौरस मीटर होती. ६० गुणिले २४ म्हणजे १४४० किलो. जवळजवळ दीड टनाची ओढ तारेने बांधलेल्या खिडकीच्या गजांवर! उघड्या पाइपांतून वारा निघून गेला असता. कपड्यांवरची धूळ टाळायला मी परांचीला शीड लावले होते.

जाळी किंवा ताडपत्री लावायची असेल तर बांधणी त्या हिशेबाने वाढवावी लागते. नंतर सुचले म्हणून लावता येत नाही.

कापडाचा दुसरा धोका आगीचा. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगच्या ताय पो भागात दुरुस्ती चालू असलेल्या उंच निवासी इमारतींना आग लागली. बाहेर बांबूची परांची आणि जाळी होती, खिडक्यांवर फोमचे तक्ते लावले होते. आग एका इमारतीतून दुसरीत पसरत गेली आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. तपासात काही जाळ्या आगीला रोखणाऱ्या दर्जाच्या नव्हत्या, असे आढळले. आपल्याकडची हिरवी जाळी कोणत्या दर्जाची आहे, हे कोणी विचारते का? निदान जाळीजवळ वेल्डिंग, बिडी आणि दिवाळीचे फटाके चालणार नाहीत, एवढे तरी सोसायटीने पाहावे.

रोज बदलणारी वस्तू

या पाच गोष्टी पहिल्या दिवशी बरोबर असल्या तरी परांची रोज बदलते. फळ्या सरकतात, क्लॅम्प सैल होतात, पाऊस पडतो. ब्रिटनमध्ये दोन मीटर किंवा त्याहून उंचीवरून पडण्याचा धोका असलेली परांची दर सात दिवसांनी तपासून नोंद ठेवावी लागते आणि वादळवाऱ्यानंतर पुन्हा तपासावी लागते. आपल्याकडेही भारतीय मानक आयएस ३६९६ परांच्या व शिड्यांच्या सुरक्षिततेसाठी आणि आयएस ४०१४ पोलादी पाइपांच्या परांचीसाठी आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा आणि त्याखालचे नियम होते. आता तो कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत सामावला गेला आहे. नियमांची उणीव नाही. आपण ते अंदाजपत्रकात मागत नाही, ही अडचण आहे.

काम देण्याआधी काय विचारावे

पुढच्या वेळी मी केलेली यादी देतो. प्रत्येक सोसायटीने ती हवी तशी वापरावी.

• अंदाजपत्रकात परांचीची ओळ वेगळी लिहून घ्या. ती वेगळी नसेल तर दर कमी करण्यासाठी सर्वांत आधी तिलाच कात्री लागते.

• एका पानाचा आराखडा मागा: उंची, रुंदी, खणाचे अंतर, किती वजनासाठी, बांधणी कुठे आणि किती ठिकाणी, जाळी लागणार की नाही. उंच, जुन्या किंवा वेड्यावाकड्या इमारतीसाठी त्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या.

• पायाखालची जागा सोसायटीच्या माणसाने स्वतः दाखवून द्यावी: टाकी, गटार, नवी भरलेली माती.

• कामाच्या फळीला बाहेरून साधारण मीटरभर उंचीचा कठडा, मध्ये एक आडवा पाइप आणि पायाशी उभी फळी हवी. खाली पडलेला हातोडा खालच्या माणसाला लागू नये म्हणून ही पायाशी असलेली फळी. चढायला शिडी हवी. पाइपांना लोंबकळत चढणे नको.

• कोणताही पाइप, फळी किंवा बांधणी काढायची तर ती बांधणाऱ्या माणसानेच काढावी. रहिवाशांनी तर हातही लावू नये.

• आठवड्यातून एकदा आणि आंधी-पावसानंतर लगेच तपासणी, तारीख आणि सहीसह वहीत. आंधीचा रंग दिसताच सर्वांनी खाली.

• विमा पॉलिसीची मूळ प्रत पाहा. मुदत, कामगारांची संख्या आणि कामाचे वर्णन या तिन्ही गोष्टी वाचा. पॉलिसीत "आतील रंगकाम" लिहिलेले असेल आणि माणूस पाचव्या मजल्याबाहेर असेल, तर दाव्याच्या वेळी वाद होतो.

• कामगारांची मध्य प्रदेश भवन एवं अन्य संनिर्माण कर्मकार कल्याण मंडळात नोंदणी आहे का, हे विचारा. नसेल तर त्यांना तिची माहिती द्या. आपल्याला अर्ध्या तासाचे काम आहे, त्यांच्या घराला मोठा आधार आहे.

शेवटचे

त्या रंगाऱ्याच्या उपचाराचा खर्च ठेकेदाराने दिला. चार महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीसाठी सोसायटीने, तीन सभा घेऊन आणि बरीच वादावादी करून, वीस हजार रुपये दिले. बाकीचे मी माझ्याकडून दिले. हे उपकार म्हणून लिहीत नाही. लाल रेघ माझी होती.

उरलेले काम आम्ही नव्या आराखड्याने पूर्ण केले. परांची पुन्हा बांधायला खर्च आला एक लाख दहा हजार, म्हणजे वाचवलेल्या ४२ हजारांच्या अडीचपटीहून जास्त. हा हिशेब सभेत वाचून दाखवला तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत.

येत्या दसऱ्या-दिवाळीच्या आधी आपल्यापैकी अनेकांच्या इमारतींना परांची लागेल. अंदाजपत्रक हातात आले की परांचीची ओळ आधी शोधा. सापडली तर ती खोडू नका. सापडली नाही तर ठेकेदाराकडून लिहून घ्या. आणि वर चढणाऱ्यांची नावे पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहून ठेवा.